कॅमेऱ्याची पेटी व दुरुस्तीचें मोल

आजकालच्या सुशिक्षित घरांतील कपाटें उघडून पाहिलीं, तर एखाद्या खणांत, बंद पडलेल्या घड्याळांच्या व जुन्या चष्म्यांच्या शेजारीं, एक डिजिटल कॅमेरा बहुधा सांपडेल. त्याची नळी बाहेर आली ती पुन्हां आंत गेली नाहीं, किंवा त्याचा पडदा काळा पडला, किंवा बटण कितीही दाबलें तरी तो जागा झाला नाहीं. घरच्या कोणीतरी तो दुरुस्तीगृहांत नेला. तेथें त्याचा नंबर टिपून घेण्यांत आला, आणि कांहीं दिवसांनीं खर्चाचा अंदाज कळविण्यांत आला. नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्या किंमतीहूनही पुढें गेलेला तो आंकडा पाहून यजमान मुकाट्यानें परत आले. लग्नामुंजीचीं, बारशांचीं व सहलींचीं हजारों चित्रें ज्यानें टिपलीं तें यंत्र खणांत गेलें. टाकवत नाहीं आणि दुरुस्तही करवत नाहीं, अशी त्याची स्थिति झाली.

या अनुभवावर लोकांत दोन निवाडे ऐकूं येतात. कोणी म्हणतात कीं कंपन्यांनीं मांडलेली ही उघड लूट आहे. कोणी म्हणतात कीं पूर्वींच्या वस्तूच भक्कम होत्या, आतांचा माल तकलादू. दोहोंतही थोडें तथ्य आहे. परंतु दुरुस्ती महाग कां झाली, याचा उलगडा एकानेंही होत नाहीं. तो व्हावयाचा असेल, तर कॅमेऱ्याची पेटी उघडण्याचें ज्ञान व तो अधिकार गेल्या सुमारें १८५ वर्षांत कोणाच्या हातून निघून कोणाच्या हातीं गेला, हें पाहिलें पाहिजे. तेंच येथें संक्षेपानें पाहण्याचा आमचा विचार आहे.

१८३९ सालीं फ्रान्सच्या सरकारनें दागेर याची कृति जगापुढें जाहीर केली, तेव्हां कॅमेरा म्हणजे भिंग बसविलेली एक लांकडी पेटी होती. भिंग मिळालें, तर तशी पेटी कोणाही कुशल सुतारास करतां आली असती. कठीण होतीं तीं रसायनें. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कलोडियनची कृति प्रसिद्ध केली. तींत कांच स्वतःच लेपावी, ती ओली आहे तोंवरच प्रकाशास दाखवावी आणि लागलीच अंधाऱ्या खोलींत नेऊन धुवावी लागे. हा सारा व्यवहार दहापंधरा मिनिटांत उरकावा लागे. ज्याला इतकें साधलें, त्याला पेटीचा खिळा निघाल्याचें किंवा भाता फाटल्याचें काय भय वाटणार? चित्र काढणारा आणि यंत्र दुरुस्त करणारा हे त्या काळीं बहुधा एकच गृहस्थ असत.

ही विद्या मुंबईस फार उशिरा आली असें नाहीं. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत या विषयाचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीच्या प्रमुख एतद्देशीय सभासदांपैकीं होते. पुढें चलच्चित्रांचा काळ आला, तेव्हांही हीच रीत चालू राहिली. दादासाहेब फाळके यांनीं गोध्रा येथें छायाचित्रांचा धंदा केला होता. १९१२ सालीं ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हां फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें यंत्रही त्यांना बरोबर आणावें लागलें, आणि तें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरींच करीत. कोल्हापुरास तर बाबूराव पेंटर व त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच बांधण्याचें मनावर घेतलें. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं १९१८ च्या सुमारास तो पुरा केला, आणि १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आला. ज्यानें यंत्र बांधलें त्याच्यापाशीं दुरुस्तीचा अंदाज मागावयास कोणाकडे जाण्याचें कारणच उरत नाहीं.

परंतु याच्या पुष्कळ आधीं, अमेरिकेंत, दुसरा एक प्रवाह सुरू झाला होता, आणि आजच्या आपल्या प्रश्नाचें मूळ तेथें आहे. १८८८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें जॉर्ज ईस्टमन यानें ‘कोडॅक’ नांवाचा कॅमेरा विक्रीस काढला. त्याची किंमत २५ डॉलर होती, आणि १०० चित्रांपुरती फिल्म कारखान्यांतच आंत भरलेली असे. चित्रें संपलीं कीं मालकानें पेटी न उघडतां जशीच्या तशी रॉचेस्टरला पाठवावी. १० डॉलर घेऊन कंपनी चित्रें छापी, नवी फिल्म भरी आणि पेटी परत करी. मालकानें बटण दाबावें व बाकीचें कंपनीकडे सोंपवावें, ही त्या धंद्याची उघड घोषणाच होती. १९०० सालीं याच कंपनीचा ‘ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा कॅमेरा अवघ्या १ डॉलरास मिळूं लागला.

या घटनेकडे केवळ संशयानें पाहणें अन्यायाचें होईल. ईस्टमनच्या आधीं छायाचित्र ही रसायनांचे डाग हातांवर वागविणाऱ्या थोड्या लोकांची विद्या होती. त्याच्या नंतर बायका, मुलें, प्रवासी, साधे कारकून या सर्वांच्या हातीं कॅमेरा आला. आज आपल्या घरांतील आल्बमांत आजोबाआजींचीं जीं चित्रें आहेत, त्यांचें श्रेय पुष्कळ अंशीं या सोयीस आहे. मात्र ही सोय एका मोबदल्यावर मिळाली. यंत्राच्या पोटांत काय चालतें, हें जाणण्याचा भार मालकानें उतरवून ठेविला, आणि तो कंपनीनें उचलला. ज्ञानाचा भार ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडेच पुढेंमागें भाव ठरविण्याची सत्ताही जाते. ती सत्ता त्या काळीं कोणास फारशी जाचली नाहीं, कारण तिच्या कक्षेंत तोंवर रसायनेंच आलीं होतीं; लोखंड व पितळ अद्यापि बाहेर होतें.

लोखंडपितळेचा हा काळ बराच टिकला. १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत ऑस्कर बार्नाक यानें रचलेला ‘लायका’ मांडला गेला. १९५९ सालीं जपानांतून ‘निकॉन एफ’ आला. या यंत्रांची रचना घड्याळासारखी होती. चक्रें, कमानी, पडदे, स्क्रू. सारें डोळ्यांस दिसणारें व बोटांस लागणारें. आपल्याकडील घरांत आगफा कंपनीचा साधा ‘क्लिक-थ्री’ असे. एका फिल्मवर तो बारा चित्रें काढी, आणि त्यांत बिघडण्यासारखें फारच थोडें होतें. मुंबईस कोटांतील बोरा बझारांत कॅमेऱ्यांचा बाजार वाढला, आणि अशा बाजारांच्या आश्रयानें दुरुस्ती करणारे मिस्त्रीही वाढले. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत भिंगाला बुरशी धरली कीं तें उघडून पुसावें, कमान तुटली तर दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्याची काढून बसवावी, एखादा दांडा झिजला तर लेथवर नवा करून घ्यावा, असा त्यांचा उद्योग.

ही दुरुस्ती स्वस्त कां पडे, याचीं कारणें ध्यानांत घेण्याजोगीं आहेत. दोष डोळ्यांनीं दिसे, म्हणून शोधण्यास वेळ थोडा लागे. बिघाड जेवढा, तेवढाच भाग बदलावा लागे. तो भाग कंपनीकडूनच आला पाहिजे असें बंधन नसे. आणि मुख्य म्हणजे, एका गल्लींत चारपांच मिस्त्री असल्यानें गिऱ्हाइकास दुसऱ्याचा भाव विचारतां येई. या चारही गोष्टी पुढें एकामागून एक नाहींशा झाल्या.

पहिला बदल विजेनें केला. १९७६ सालीं कॅननचा ‘एई-वन’ हा कॅमेरा निघाला. शटरचा काळ व प्रकाश यांचा हिशेब त्यांत सूक्ष्म विद्युद्‌यंत्र करूं लागलें. त्याच्या आधींच, १९६९ सालीं, अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी ही प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून तें मोजणारी चकती कल्पिली होती. या शोधाबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅकचेच इंजिनिअर स्टीव्हन सॅसन यांनीं तशा चकतीचा पहिला कॅमेरा जुळविला. तो साडेतीन किलोंहून जड होता, १०,००० ठिपक्यांचें काळेंपांढरें चित्र काढी, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९९५ सालीं कॅसिओचा ‘क्यूव्ही-टेन’ पाठीवर पडदा घेऊन घराघरांत शिरूं लागला, आणि २०१० सालीं जपानी कारखानदारांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें एका वर्षांत १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले. ज्या रॉचेस्टरच्या कंपनीनें हा पहिला कॅमेरा पाहिला, तिनें २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीचा अर्ज केला, हें प्रसिद्धच आहे.

आतां या नव्या यंत्राची दुरुस्ती पाहूं. नळीच्या दांत्यांत समुद्रकांठच्या वाळूचा एखादा कण अडकतो व नळी हलेनाशी होते. कण काढणें हेंच खरें काम. परंतु त्यासाठीं केंसासारखे बारीक स्क्रू काढून, कागदासारख्या पातळ पट्ट्या सोडवून, सारें यंत्र सोलावें लागतें. शिवाय फ्लॅशच्या कपॅसिटरमध्यें यंत्र बंद असतांनाही सुमारें ३०० व्होल्टांचा दाब उरलेला असूं शकतो. अजाण माणसाच्या बोटास तो चांगलाच धडा देईल. पुन्हां जोडतांना भिंग व चकती यांचें अंतर मिलिमीटरच्या शतांशानें चुकलें, तरी चित्र धूसर येतें. म्हणून दुरुस्तीगृह कण काढीत बसत नाहीं. तें भिंगाचा सबंध संच किंवा सर्किटची सबंध पाटी बदलतें. येणेंप्रमाणें बिघाड राईएवढा असला तरी बदलावयाचा भाग पर्वताएवढा होतो. नवा कॅमेरा कारखान्यांतील पट्ट्यावर हजारोंच्या संख्येनें जुळला जातो. मोडका कॅमेरा मात्र एका माणसास एकट्यानें उघडून, तपासून, जुळवून पाहावा लागतो. त्यांतच वर्षानुवर्षें सुटे भाग सांठवून ठेवण्याचा खर्च मिळवा. समजा, नवा कॅमेरा पंधरा हजार रुपयांस मिळतो आणि दुरुस्तीचा अंदाज नऊ हजारांचा आला, तर त्यांतील प्रत्येक रुपया लुटीचाच असतो असें म्हणतां येणार नाहीं.

मग लुटीची तक्रार अगदींच निराधार आहे काय? आमच्या मतें नाहीं. आणि त्यास २००५ सालची एक घटना साक्ष आहे. त्या सुमारास जगभर कित्येक कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर चित्रें जांभळट, वेडींवांकडीं येऊं लागलीं, किंवा मुळींच येईनाशीं झालीं. निरनिराळ्या कंपन्यांच्या या कॅमेऱ्यांत सोनी कंपनीनें बनविलेल्या सीसीडी चकत्या होत्या, आणि त्यांतील सूक्ष्म तारांचे सांधे उष्ण व दमट हवेंत सुटत होते. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील वाचकांस ही हवा काय असते तें सांगावयास नको. २००५ च्या ऑक्टोबरांत कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस, कोनिका मिनोल्टा इत्यादि कंपन्यांनीं हा दोष मान्य केला, आणि हमीची मुदत संपलेली असली तरी ठराविक कॅमेऱ्यांतील हा बिघाड विनामूल्य दुरुस्त करून देण्याचें जाहीर केलें. कॅमेरा तोच, दोष तोच, चकतीही तीच. परंतु जाहीर होण्यापूर्वीं हमीबाहेरच्या मालकास ज्याचा खर्च स्वतःच सोसणें प्राप्त होतें, तीच दुरुस्ती दुसऱ्या दिवशीं फुकट झाली. यावरून दिसून येईल कीं अंदाजाच्या कागदावरील आंकड्यांत मजुरी व माल यांखेरीज आणखी एक गोष्ट दडलेली असते. ती म्हणजे बिघाडाचा दोष कोणाचा, याविषयीं कंपनीनें एकतर्फी दिलेला निकाल. पेटी ज्याला उघडतां येत नाहीं, त्याला त्या निकालावर अपीलही करतां येत नाहीं.

२०१४ सालीं याचाच दुसरा दाखला मिळाला. निकॉनच्या ‘डी ६००’ या महागड्या कॅमेऱ्याच्या चकतीवर डाग पडत असल्याची तक्रार त्याच्या मालकांनीं लावून धरली. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत कंपनीनें हमीची मुदत न पाहतां सफाई व जरूर तर शटर बदलून देण्याचें कबूल केलें. मार्चमध्यें चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनें हें प्रकरण उजेडांत आणलें, आणि शांघायच्या अधिकाऱ्यांनीं त्या कॅमेऱ्याची विक्री थांबविण्याचा हुकूम काढला. या दोन्ही प्रसंगीं एकट्यादुकट्या मालकाला जो न्याय मिळणें अवघड होतें, तो समूहास मिळाला. कंपन्यांचें मन पालटलें, यापेक्षां दोष लपविणें अशक्य झालें, हेंच त्याचें कारण दिसतें.

दुसरीकडे, दुसऱ्याचा भाव विचारण्याची सोयही आटत गेली. २०१२ च्या जुलैपासून निकॉननें अमेरिकेंत स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांस सुटे भाग विकणें बंद केलें, आणि २०२० च्या मार्चअखेर तेथील अधिकृत बाहेरच्या दुरुस्तीगृहांची योजनाही संपविली. कित्येक ठिकाणीं तर कंपनीच निघून गेली. कोनिका मिनोल्टानें २००६ सालीं कॅमेऱ्यांचा धंदा सोडला; तिच्या ग्राहकांची दुरुस्ती सोनीकडे सोंपविण्यांत आली. ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा विभाग २०२१ च्या आरंभीं दुसऱ्या मालकाकडे गेला. दुरुस्तीचें सारें ज्ञान एकाच हातीं ठेवण्यांत जो धोका असतो, तो असा हात मध्येंच निघून गेला म्हणजे कळतो.

या स्थितीवर कायद्याचा उपाय सुरू झाला आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं मोटारींपुरता दुरुस्तीचा हक्क मान्य केला. न्यूयॉर्क राज्यानें २०२२ च्या डिसेंबरांत विद्युत्‌यंत्रांसाठीं तसा कायदा केला. कॅलिफोर्नियाचा २०२३ चा कायदा अधिक स्पष्ट आहे. ज्यांची घाऊक किंमत १०० डॉलर वा अधिक, अशा यंत्रांचे सुटे भाग व माहिती, त्यांचें उत्पादन थांबल्यावरही ७ वर्षें उपलब्ध ठेवण्याचें बंधन तो घालतो. युरोपीय संघानें २०२४ सालीं दुरुस्तीविषयीं आदेश काढला. त्याच्या यादींत धुण्याचीं यंत्रें, शीतकपाटें, मोबाइल फोन आहेत, पण कॅमेऱ्याचें नांव नाहीं. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या जुलैंत या विषयावर समिति नेमली, आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनीं, दुरुस्तीच्या हक्काचें एक संकेतस्थळ सुरू केलें. कंपन्यांनीं दुरुस्तीची माहिती तेथें एकत्र ठेवावी, असा त्याचा हेतु आहे. माहिती मिळणें हें पहिलें पाऊल खरें. परंतु केवळ माहितीनें सुट्या भागाची पुडी मिस्त्रीच्या हातीं पडत नाहीं.

यांतील दैवदुर्विलास असा कीं, कायदा जागा झाला तोंवर कॅमेराच ओसरीवरून उठला. २०१० सालीं १२ कोटींवर गेलेली डिजिटल कॅमेऱ्यांची संख्या २०२० सालीं ९० लक्षांच्याही खालीं आली. साध्या घरगुती कॅमेऱ्याची जागा मोबाइल फोननें घेतली. तेव्हां खणांतील त्या कॅमेऱ्याचा खटला आतां चालवावयाचा कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, खटला कॅमेऱ्यापुरता नाहीं. फोन, धुण्याचें यंत्र, मोटार, आणि उद्यां वृद्ध आईबापांच्या उशाशीं असलेलें एखादें औषधोपचाराचें यंत्र, या सर्वांच्या पेट्या त्याच रीतीनें बंद होत आहेत. कॅमेऱ्याचा इतिहास आपल्यापुढें आरंभापासून शेवटपर्यंत पुरा मांडलेला आहे, म्हणून त्यावरून धडा घेणें सोपें.

तो धडा आम्हांस असा दिसतो. सोय घेणें गैर नाहीं. रसायनांची अंधारी खोली पुन्हां घरांत आणावी असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु सोयीबरोबर जें ज्ञान आपण दुसऱ्याकडे सोंपवितों, त्याच्या परतीची कांहींतरी वाट खुली ठेविली पाहिजे. ग्राहकानें विकत घेतांना ठिपक्यांची संख्या व रंग विचारावे, तसेंच सुटे भाग किती वर्षें मिळतील, बाहेरचा मिस्त्री हें उघडूं शकेल काय, हेंही विचारावें. अंदाज हातीं आल्यावर तो मुकाट्यानें खणांत ठेवूं नये. कोणता भाग, कां, आणि त्या नमुन्यांत हा दोष इतरांसही आला आहे काय, याचा लेखी खुलासा मागावा. २००५ व २०१४ या दोन्ही वर्षीं जें फळ मिळालें, त्याच्या मुळाशीं पुष्कळ लोकांनीं हेंच विचारलें होतें. आणि ज्या मिस्त्रीच्या दुकानीं अद्यापि भिंग उघडून बुरशी पुसली जाते, त्याला त्याच्या कामाचे दाम घासाघीस न करतां द्यावे. कारण त्याचा मुलगा तो धंदा पुढें चालवील कीं नाहीं, हें कायद्याच्या कलमांइतकेंच त्या दामांवरही अवलंबून आहे.

खणांतील कॅमेऱ्याविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं, त्यांतील चित्रांची चकती बहुधा सुटी निघते, आणि कॅमेरा मेला तरी त्यावरील चित्रें शाबूत असण्याचा पुष्कळ संभव असतो. तीं आधीं काढून घेऊन दुसरीकडे उतरून ठेवावींत. यंत्राचा निकाल मग सावकाश लावतां येईल. एखाद्या मिस्त्रीस तें दिलें, तर त्यांतील एखादा दांडा किंवा पट्टी कोणाचा तरी दुसरा कॅमेरा चालूं करील.